ओट्याची उंची

"मावशीची उंची किती हाय, भाऊ?"

खुशालराव मिस्त्रीनं सहजच विचारलं. एका हातात टेप, दुसऱ्या तळहातावर तंबाखू, नजर स्वयंपाकघराच्या भिंतीवर. सुगतनं हात अंदाजानं आपल्या हनुवटीपाशी धरला.

"असंन... पाच फूट."

"असंन नाही चालत राज्या. ओटा बाईच्या मापानं बांधाव लागते. उभी राह्यली का कोपरापासून खाली एक वीत. सोमवारी फत्तर कापाले जाते. कापला का कापला. मंग तो काई वाढत नाही."

खुशालराव टेप सर्रकन आत सोडून अंगणात तंबाखू चोळायला गेला. सुगत तिथंच उभा. खरं तर उंची हा त्याचाच धंदा. वीज कंपनीत लाईनमन. चालत्या गाडीवरून खांब बघून सांगायचा, हा आठ मीटरचा, हा नऊचा, हा जमिनीत कमी गाडलाय, पावसाळ्यात वाकणार. झाडाची फांदी तारेपासून किती लांब आहे ते डोळ्यांनी सांगायचा आणि चुकायचा नाही. आणि आईची उंची माहीत नाही. त्यानं डोळे मिटून आईला उभं करून बघितलं. आई उभी राहीना. आठवेल तिथं आई बसलेली. खाली, फरशीवर, एक पाय दुमडून, दुसरा गुडघा वर, समोर दोन शेगड्यांचा गॅस विटांवर ठेवलेला, उजव्या हाताला पिठाचा डबा, डाव्या हाताला पाण्याचा गुंड, मागं तिखटामिठाचे डबे, आणि ती मागं न बघता मागचा डबा उचलायची. तो शाळेतून आला की त्याला वरून आईच्या केसांचा भांग दिसायचा. बाबा अकोटच्या पहिल्या गाडीवर ड्युटीला निघायचे तेव्हाही भांगच. तो भांग आधी काळ्या केसांतला होता, मग करड्या, आता पांढऱ्या. म्हणजे आईचं म्हातारं होणं त्यानं वरून बघितलं, खांबावरून गाव बघतो तसं. लग्नाच्या फोटोत आई खुर्चीवर, बाबा मागं उभे. बाहेर जायचं तर आई गाडीवर त्याच्या मागं. चालताना पदर डोक्यावर, मान खाली, चार पावलं मागं. समोरासमोर, पायाला पाय लावून, तो आईपुढं कधी उभाच राहिला नव्हता. हे कळल्यावर त्यानं दाराची चौकट घट्ट धरली. खांबावर पहिल्यांदा चढला होता, आणि खाली बघितलं होतं, तसं.

ओटा करायचा ठरला तो आईच्या गुडघ्यांमुळं. डॉक्टरनं फोटो उजेडापुढं धरला, दोन हाडांच्या मधली फट बोटानं दाखवली आणि म्हणाला, खाली बसणं बंद. अजून दोन-तीन वर्षं बसलात तर मग चालणंही बंद. आई घरी आली, पदर खोचला आणि खाली बसून भाकरी थापायला लागली. उठताना भिंतीला हात लावून उठायची, आणि उठताना जो आवाज यायचा, तो तोंडातून येतो की गुडघ्यातून, हे सुगतला कळायचं नाही. अमरावतीहून संध्याताईचा फोन आला. "ओटा बांधून दे तिले लवकर. नाई तं मी तिले अथी घेऊन येते, अन मंग तुमी बापलेक खा ढाब्यावर." ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत शुद्ध बोलते आणि भावाशी भांडताना वऱ्हाडी.

मग सुगतनं पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि महिनाभर मोबाईलवर बेरजा केल्या. खांबाखाली, चहाच्या टपरीवर, लाईन बंद करायची परवानगी येईपर्यंत. ग्रॅनाईट, भिंतीच्या टाइल्स, सिंक, नळाची लाईन, खाली स्टीलच्या ट्रॉल्या, वर चिमणी. एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी करावी लागायची, आणि पैसे एकदाच मिळणार होते, पुन्हा या जन्मी स्वयंपाकघर फोडणं होणार नव्हतं. चिमणी त्यानं कधी कमी केली नाही. टाइल्स स्वस्त केल्या, नळ साधा केला, चिमणी ठेवली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. जठारपेठेत खांबावर चढलं की खिडक्या दिसतात. प्रत्येक खिडकीत ओट्यापाशी उभी बाई, कमरेपासून वर, फ्रेममध्ये बसवल्यासारखी. डोक्यावर चिमणीचा लहानसा पिवळा दिवा. त्या बायका उभ्या असायच्या. एवढंच. उभ्या राहून काहीतरी चिरायच्या आणि मधूनच बाहेर बघायच्या. आईला असं बाहेर बघताना त्यानं पाहिलं नव्हतं, कारण बसलेल्या माणसाला खिडकीतून फक्त आभाळ दिसतं.

"चिमनी कायले पायजे?" जानराव म्हणाले. जानराव म्हणजे बाबा. एसटीतून रिटायर झाले तरी बोलताना हात स्टेअरिंगवर असल्यासारखे हलतात. "आपल्या अथी लाईट हाय ना. चिमनी तं रॉकेलची राह्यते."

"बाबा, ते धूर ओढाची मशीन राह्यते."

"मंग तिचं नाव मशीन ठेवा ना. लोकायले कन्फ्यूज करतेत."

हसले सगळे. आई सोडून. आई तांदूळ निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "मले ओटा नोको."

सुगतला वाटलं खर्चामुळं म्हणते. आई नेहमी खर्चामुळं म्हणते. साडी नको म्हणजे साडी महाग आहे, ऑटो नको म्हणजे पाय आहेत. म्हणून त्यानं तिकडं लक्षच दिलं नाही. पण आता, खुशालरावच्या प्रश्नानंतर, त्याला अमरावतीचा ताईचा फ्लॅट आठवला. दिवाळीतली गोष्ट. ताईचं स्वयंपाकघर पांढरंशुभ्र, ओटा काळा, चकचकीत, त्यात वरचा दिवा दिसायचा. आई दारात उभी राहिली. दोन्ही हात मागं. शाळेत गुरुजींपुढं उभं राहिल्यासारखे हात मागं, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. ताई म्हणाली, आई, कणीक मळ. आईनं परात घेतली आणि सरळ खाली फरशीवर बसली, सिंकच्या आणि फ्रिजच्या मधल्या बोळीत. ताई ओरडली, "अवं आई, वर मळ ना, ओटा कायले हाय मंग? लोकं पाहतीन तं म्हनतीन मास्तरनीनं मायले खाली बसवलं." आई म्हणाली, "ओट्याले हात लावू वाटत नाही वं." ताईला वाटलं दगडाला डाग पडेल म्हणून. सुगतलाही तेच वाटलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. आता त्याला आईचे मागं धरलेले हात दिसत होते आणि कळत होतं की ते डागाला घाबरलेले हात नव्हते. कशाला घाबरले होते, ते मात्र कळत नव्हतं.

"आई, इकडं ये जरा. मोजाव लागते तुले."

"मले? काहून? मी का कापड हाय?"

पण आली. ओल्या हातांनी आली, हात पदराला पुसले, चप्पल नव्हतीच तरी पाय एकावर एक घासून झटकले. सुगतनं तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. "सरळ राह्य." ती राहिली. "अजून सरळ. मान वर." आईनं पदर खांद्यावर घेतला आणि मान वर केली, आणि मग काय झालं ते सुगतला नीट सांगता येणार नाही. आई वर येत गेली. पाठ चौकटीला लागली, मग खांदे लागले, मग डोक्याचा मागचा भाग, आणि त्याच्या हनुवटीपाशी असेल असं वाटलेलं कपाळ त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि आईचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या अगदी थोडे खाली. आई उंच होती. लहानशी, गोळा होऊन बसलेली, डबे मागं न बघता उचलणारी ती बाई उंच होती. त्यानं टेप चौकटीला धरला, पेन्सिलीनं खूण केली, आणि खूण करून झाली तरी त्याचा हात तिथंच राहिला. शेतातला खांब दुरून कमी वाटतो आणि बुडाशी गेलं की मान मागं टाकावी लागते, तसं काहीतरी. फरक इतकाच, की त्या खांबाच्या बुडाशी तो जन्मापासून राहात होता.

जानराव दारात आले. खूण पाहिली. मग स्वतः चौकटीला पाठ लावून उभे राहिले, हातानं डोक्यावरून सरळ रेघ धरली. ती खुणेच्या खाली आली.

"आता समजलं?" ते सुगतला म्हणाले. "म्हून तं फोटोत तिले बसवलं होतं फोटोवाल्यानं."

"जा जी तिकडं," आई म्हणाली. पण ती लगेच खाली झाली. खांदे पुढं आले, मान गेली, पदर डोक्यावर, आणि पुन्हा रोजची आई. आठवण विझावी तशी उंची विझली. चौकटीवर खूण तेवढी राहिली, रिकाम्या जागेत.

शनिवारी दगड निवडायला तो आईला घेऊन जठारपेठेत गेला. आई येत नव्हती. ताईनं फोनवर रागावून पाठवली. उन्हाळ्याचे दिवस, दहा वाजताच रस्ता तापलेला. दुकानाच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये दगड उभे करून ठेवलेले, पुस्तकं कपाटात असतात तसे, पण प्रत्येक पान माणसापेक्षा उंच. सुगत त्यांच्या मधून चालला आणि आपोआप आवाज खाली झाला त्याचा. काळे, हिरवट, तांबूस, राखी. काहींत पांढरे ठिपके, रात्री खांबावर असताना वर दिसतात तसे. हे जमिनीच्या पोटात होतं, आगीचं होतं, माणूस नव्हता तेव्हापासून होतं, आणि आता याच्यावर कांदा चिरायचा. त्याला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. दुकानदार म्हणाला, "मावशी, ओट्यावर हा ब्लॅक टाका. डाग नाही, झंझट नाही. थांबा, असं नाही दिसत. पाणी मारल्यावर दिसते." आणि त्यानं प्लास्टिकचा मग भरून दगडावर पाणी फेकलं.

धुळीनं राखाडी झालेला दगड एकदम काळा झाला. आतला चमकता कण अन् कण वर आला. पाणी वरून खाली ओघळत आलं, दगडाच्या कडेवरून सुटलं आणि आईच्या पायांवर पडलं. सुगत मागं सरकला. आई सरकली नाही. तिनं चप्पल बाजूला काढली होती, सवयीनं, दुसऱ्याच्या जागेत गेल्यावर काढते तशी. ती आपल्या ओल्या पायांकडं बघत राहिली. दुकानदार म्हणाला, सॉरी मावशी. आई ऐकत नव्हती. तिनं पायाची बोटं थोडी पसरली, पाणी बोटांच्या मधे जाऊ दिलं. आणि हसली. सुगतनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यात कोणी दुसरं सामील नव्हतं.

"गारच लागते," ती म्हणाली.

परत येताना ती गाडीवर बोलली. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, आवाज फक्त खांद्याच्या मागून यायचा, वाऱ्यानं मधले शब्द नेले की तो गाडी हळू करायचा. मूर्तिजापूरच्या पुढं तिचं माहेर. शकुंतला, ती छोटी आगगाडी, गावावरून जायची.

"पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता बाकीच्या पोरी इचारत, शालू, गाडी आली का? त्यायले दिसत नोतं. मले पऱ्हाटीच्या वरून धूर दिसे. मी सांगो, आली. लंबी होती मी."

सुगतनं नुसती मान हलवली. बोललो तर थांबेल असं वाटलं त्याला.

"एक डाव माह्या बाले ताप आला. मायनं मले ताक आनाले धाडलं. गावात एका घरचं ताक भेटे आमच्या पुऱ्यातल्यायले. त्या घराले मोठा ओटा. बाहेर. मानसं बसत त्याच्यावर. आपन खाली उभं राहाचं, गडवा दोन्ही हातानं धराचा, बाई वरून धार सोडे. त्या बाईले दिवस गेलते. वाकता येत नोतं तिले. घाम आलता. म्या म्हनलं काहून वाकवाव हिले. माहा हात पुरत होता. म्या गडवा वर ठेवून देल्ला. ओट्यावर."

गाडीपुढं एक बकरी आली. सुगतनं ब्रेक मारला. आईचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट झाला, मग सैल.

"मंग?"

"मंग काय. गडवा लाथेनं खाली आला. ताक सांडलं. बाईनं नाही मारली लाथ, ते रडाले लागली होती. दुसऱ्यानं. मंग बादली आनली अन ओटा धुतला. मी तथीच उभी. ते सारं पानी माह्या पायावर आलं. असेच उनायाचे दिवस. पायात काई नाही. पाय भाजून राह्यले होते. अन खरं सांगू का सुगत, मले बरं वाटलं. गार लागलं. तेवढ्यात बी मले बरं वाटलं, त्याचीच मले लाज वाटे. कोनाले सांगतलं नाही कधी. गडवा गेला, ताक गेलं, ते सांगतलं. पाय गार झाले ते नाही सांगतलं."

सुगतनं गाडी अजून हळू केली.

"माय म्हने, तुले वरचं दिसते म्हून तुहा हात वर जाते. खाली बसत जा."

"अन मंग?"

"मंग मी बसली."

घर आलं तरी सुगतनं गाडी बंद केली नाही. आई उतरून आत गेली. मंग मी बसली. तो गाडीवर बसून ते तीन शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होता. एवढी उंच बाई, आभाळाला टेकेल अशी पोरगी, गाडीचा धूर सगळ्यांच्या आधी बघणारी, ती खाली बसली आणि बसूनच राहिली, आणि बसल्या जागी तिनं दोन पोरं वाढवली, भाकरी थापल्या, मागं न बघता डबे उचलले. आणि तो तिच्यासाठी महिनाभर बेरजा करत होता, चिमणी ठेवायची की टाइल्स ठेवायच्या. ज्या शब्दानं तिचे पाय गुडघ्यातून मोडले, तोच शब्द तो रोज तिच्यासमोर बोलत होता. ओटा, ओटा, ओटा. घरातला ओटा आणि घराबाहेरचा ओटा त्याच्यासाठी दोन वेगळ्या वस्तू होत्या. आईसाठी एकच होती. त्याला रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. उलट छातीत काहीतरी भरत चाललं, फुगत चाललं, उपकेंद्रात मोठ्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभं राहिलं की कानाआधी अंगाला कळतं तसं. आत केवढं काय चालू आहे, आणि बाहेर नुसती गुणगुण.

त्यानं तिथूनच खुशालरावला फोन लावला. "मिस्त्री, ओटा क्यान्सल. टेबल-खुर्ची करू काही तरी."

"कोनं सांगतलं क्यान्सल?" आई दारातून म्हणाली.

"तूच म्हनलं होतं ना, नोको म्हून."

"आदी म्हनलं होतं. आता फत्तर पाहून आली." ती जवळ आली आणि फोनकडं बोट दाखवून म्हणाली, "त्यायले इचार, त्याच्यावर बसता येते का."

खुशालराव स्पीकरवर होता. तो खोकला. "मावशी, ओट्यावर बसतेत का कोनी? तथी फोडनी देतेत."

"घर कोनाचं हाय?"

"तुमचंच हाय बाप्पा."

"मंग बसन मी. खिडकीजवळचा तुकडा खाली घ्या. खुर्चीएवढा. चढाले सोपा पायजे, गुडघे नाही उचलत. गॅसजवळचा माह्या कोपराच्या मापानं, मी उभी राहीन तथी. खिडकीजवळ बसन."

रविवारी खुशालराव येऊन माप घेऊन गेला. खालच्या तुकड्याला खालून विटांची भिंत लागणार, म्हणजे तिथं ट्रॉल्या बसणार नाहीत. दगडही जास्त लागणार, म्हणजे चिमणी नाही. सुगतनं मोबाईल काढला आणि महिनाभर जपलेली चिमणी बोटाच्या एका टोकानं पुसून टाकली. वाईट वाटेल असं वाटलं होतं. हलकं वाटलं. ताईचा फोन आला, बरीच रागावली. "सयपाकाच्या ओट्यावर बसतेत का आई कोठी? पाहुने काय म्हनतीन?" आई म्हणाली, "पाहुन्यायले खाली सतरंजी टाकीन." मग तिनं फोन घेऊन मागच्या अंगणात जाऊन ताईला काहीतरी सांगितलं. बराच वेळ. परत आली तेव्हा फोन चालूच होता, आणि पलीकडून ताईनं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"मंग मलेबी जागा हाय का वरती?" जानराव म्हणाले.

"तुमी खाली बसा जी. लय वर्षं बसले उंचावर स्टेअरिंग घेऊन."

दगड बसला, सांधे भरले, पाणी मारून झालं. स्वयंपाकघरात ओल्या सिमेंटचा वास. पहिल्या सकाळी सुगत दाराच्या चौकटीत, त्या पेन्सिलीच्या खुणेपाशी उभा होता. आत जावं असं त्याला वाटलं नाही. आई गॅसच्या पुढं उभी होती. हात आपोआप मागं गेले होते, एकाचं मनगट दुसऱ्यात. दूध तापत होतं. दूध वर आलं, पातेल्याच्या कडेपर्यंत आलं, आणि आईचे हात सुटले. एकानं गॅस बंद केला, दुसरा दगडावर सपाट टेकला. टेकलेला तसाच राहिला. पाची बोटं पसरलेली. तिनं खिडकीबाहेर बघितलं. गल्ली होती, शेजारचं घर होतं, पलीकडं सुगतनंच ओढलेली तार होती, तिच्यावर दोन साळुंक्या. ती बघत राहिली. आणि बघता बघता पाठ सरळ होत गेली, कोणी मान वर कर म्हणायला नव्हतं तरी. मग ती तीन पावलं सरकली, खिडकीजवळच्या ठेंगण्या दगडावर बसली, पाय सोडून. बाहेरच्या ओट्यावर माणसं बसतात तशी, ऐसपैस, एक हात मागं टेकून. गुडघ्यातून आवाज आला नाही.

मागच्या दारातून सीमा आली. शेजारी नवीनच राहायला आलेली भाडेकरू, अजून घरात यायला बिचकायची. हातात स्टीलचा गडवा. "काकू, जराक ताक भेटंन का? आमच्या घरचं नासलं." आणि बोलता बोलता तिनं गडवा दोन्ही हातांनी पुढं धरला, आई बसली होती तिथपर्यंत.

आईनं शेजारचं ताकाचं भांडं उचललं. मग थांबली. त्या धरलेल्या गडव्याकडं आई किती वेळ बघत होती कोण जाणे. थोडाच असेल. सुगतला मात्र वाटलं, पऱ्हाटीच्या वरून धूर येतोय आणि गाडी अजून दिसत नाही.

"हातात नोको धरू वं," आई म्हणाली. "ठेव वर."

"अं?"

"ओट्यावर ठेव. वर."

सीमानं गडवा काळ्या दगडावर ठेवला. टण्ण असा बारीक आवाज झाला. आईनं ताक ओतलं, भरपूर, काठोकाठ, थोडं सांडलंच. सीमा "अय्या, नवा ओटा" म्हणाली आणि पदरानं पुसायला वाकली. सुगत नळाकडं धावला, मगात पाणी घेतलं, नवा दगड आहे, डाग नको.

"राहू दे," आई म्हणाली. "धुवू नोको. वाळू दे तसंच."

सुगत पाण्याचा मग हातात घेऊन उभा राहिला. सीमा गडवा उचलून गेली. काळ्या दगडावर गडव्याच्या बुडाचं पांढरं गोल राहिलं होतं, आणि त्याच्या शेजारी आईचा हात. पाणी मगात हलत होतं. आईनं पाय थोडे पुढं केले, त्याच्याकडं, बोटं पसरून.

"ते पानी अथी टाक," ती म्हणाली. "बरं वाटते."